मराठवाड्यातील जलाशय आणि नौकाविहार : तेरणा-मांजरा खोऱ्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी हे गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपामुळे सर्वदूर परिचित झाले. त्याआधी त्याची ओळख तेरणाकाठचे एक मोठे गाव एवढीच होती. किल्लारीच्या वरच्या अंगाला, दहा-बारा किलोमीटरवर, धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी येथे तेरणेवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे. १९८९ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या धरणामागे चांगल्या पावसाच्या वर्षी दूरवर पाणी पसरते. असे पाणी पाहिले की तेथे होड्या असाव्यात, काठावर उपाहारगृह असावे, सुटीच्या दिवशी कुटुंबे यावीत, त्यातून गावातील तरुणांना काम मिळावे, असा विचार साहजिकच पुढे येतो. माकणीप्रमाणेच मांजरा नदीवरील धनेगाव, गोदावरीवरील विष्णुपुरी आणि पैठणचा नाथसागर यांच्याही बाबतीत तो येत असतो.

या विचारामागे बहुधा परदेशातील किंवा केरळमधील चित्र असते. इंग्लंडच्या कालव्यांतून संथपणे जाणाऱ्या लांबट बोटी, काठाला ओळीने बांधलेल्या नौका, दर काही मैलांवरचे जुने मद्यगृह आणि तेथे सायंकाळी विसावणारे नौकाप्रवासी हे ते चित्र होय. मराठवाड्यात ते का उतरले नाही, याचे उत्तर सामान्यतः निधीचा अभाव, शासनाची उदासीनता किंवा लोकांची अनास्था अशा शब्दांत दिले जाते. या कारणांत तथ्य नाही असे नव्हे. पण ती दुय्यम आहेत. मूळ कारण पाण्याच्या स्वभावात आहे. नौकाविहाराला पाणी किती आहे यापेक्षा ते एका पातळीवर किती काळ थांबते, याला अधिक महत्त्व असते. मराठवाड्यात अडवलेले पाणी थांबण्यासाठी अडवलेले नसून ते खर्च होण्यासाठी साठवलेले असते. या एका भेदातून बोट कोठे बांधायची, हंगाम कोणता, काठावर काय असावे आणि अपघात केव्हा होतात, या सर्व प्रश्नांची उकल होऊ शकते.

नदीमार्गाची परंपरा

दख्खनच्या पठारावरील नद्या पूर्वी नौकासुलभ होत्या आणि धरणांनी त्या अडवल्या, असा एक समज आढळतो. तेरणेच्या बाबतीत तरी तो टिकत नाही. तेरणेच्या काठी वसलेले तेर हे प्राचीन तगर नगर होय. संत गोरा कुंभार यांचे गाव म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, रोमन जगाशी व्यापार करणारी पेठ म्हणून 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याची नोंद झाली आहे. पैठण आणि तगर येथील माल भडोच बंदराकडे गाड्यांवर लादून, बिकट वाटांनी नेला जाई, असे त्या ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे. नदीच्या काठावरील दोन नगरे, तीही समुद्रापारच्या व्यापारात गुंतलेली, आणि वाहन मात्र बैलगाडी! नदी पूर्वेकडे वाहते आणि बंदर पश्चिमेकडे आहे हे एक कारण. पावसाळ्यानंतर पात्रात नौका चालावी इतके पाणी राहत नाही हे दुसरे.

एकोणिसाव्या शतकात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीच्या मुखाजवळ धवळेश्वरम येथे बंधारा बांधला. तेथील कालव्यांत सिंचनाबरोबर नौकानयनाचीही सोय होती. नौकेला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवणारी, दोन्ही टोकांना दरवाजे असलेली पाण्याची कोठी, म्हणजे लॉक, तेथे बांधण्यात आली होती. हाच मार्ग वर वाढवून वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोदावरी आणि वर्धा या नद्यांतून समुद्रापर्यंत न्यावा, अशी योजना पुढे हाती घेण्यात आली. दुम्मागुडेम येथील खडकाळ अडथळ्यापाशी कामे झाली. परंतु खर्च वाढत गेला, रेल्वे आली आणि १८७१ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. म्हणजे एकाच गोदावरीच्या खालच्या टोकाला नौकेसाठी दरवाजे झाले आणि वरच्या टोकाला ते कधीच झाले नाहीत. आज नांदेड-परभणी-जालना-बीड पट्ट्यात गोदावरीवर उच्च पातळी बंधाऱ्यांची जी साखळी आहे, ती ओलांडून नौकेला वर किंवा खाली जाता येत नाही. प्रत्येक बंधाऱ्यामागचे पाणी हे स्वतंत्र, बंदिस्त तळे आहे.

तरीही कागदावर चित्र वेगळे दिसते. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ अन्वये देशातील १११ जलमार्ग घोषित झाले. त्यात गोदावरीचा भद्राचलम ते नाशिक हा पट्टा चौथ्या क्रमांकाच्या जलमार्गाला जोडण्यात आला असून मांजरा नदीलाही सिंगूर धरणापासून गोदावरी संगमापर्यंत स्वतंत्र क्रमांक मिळाला आहे. घोषणेने नदीच्या तळाशी पाणी वाढत नाही. जलमार्गाच्या वर्गवारीत सर्वांत खालच्या वर्गाच्या नदीमार्गालाही किमान १.२ मीटर खोली लागते. नांदेड जिल्ह्यातून जाणाऱ्या गोदावरीत मार्च-एप्रिलमध्ये बंधाऱ्यांच्या फुगवट्याबाहेर एवढी सलग खोली शोधून सापडणार नाही. त्यामुळे या भागातील नौकाविहाराचा विचार नदीमार्गाचा विचार म्हणून करता येत नाही. तो जलाशयाचा विचार म्हणूनच करावा लागतो.

थांबलेले पाणी

इंग्लंडमधील कालव्यांचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. ते कालवे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळसा आणि माल वाहण्यासाठी खोदले गेले. रेल्वे आणि पुढे मोटारी यांमुळे त्यांचा धंदा बसला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एल. टी. सी. रोल्ट यांनी आपल्या नौकाप्रवासावर लिहिलेले पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९४६ मध्ये या जलमार्गांच्या रक्षणासाठी संघटना उभी राहिली. आज इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ पासून एका धर्मादाय न्यासाकडे आहेत आणि त्यांवरील बहुसंख्य नौका हौसेच्या किंवा निवासाच्या आहेत.

या सर्व व्यवस्थेचा पाया कालव्यातील पाण्याची ठरलेली पातळी हा आहे. दोन लॉकमधील पाणी वर्षभर जवळपास एकाच पातळीवर ठेवले जाते. ते कमी पडू नये म्हणून टेकड्यांवर खास तलाव बांधलेले आहेत. पातळी ठरलेली असल्यामुळे काठावर लोखंडी कडी ठोकता येते, तिला दोर बांधून नौका रात्रभर सोडता येते आणि सकाळी ती तेथेच, त्याच उंचीवर सापडते. नौका रोज त्याच ठिकाणी थांबते म्हणून तेथे मद्यगृह चालते. लॉकपाशी नावाड्यांना ताटकळावे लागे, घोडे बदलावे लागत, म्हणून अनेक मद्यगृहे लॉकच्या शेजारीच उभी राहिली. आधी थांबणारे पाणी, मग थांबणारी नौका, मग थांबणारा माणूस आणि शेवटी त्याच्यासाठी उघडे असलेले दुकान, असा हा क्रम आहे. आपल्याकडील आराखड्यांत बहुधा दुकानापासून सुरुवात होते!

भारतातील यशस्वी उदाहरणेही हेच सांगतात. केरळमधील वेंबनाड सरोवर आणि त्याला लागलेले कालवे समुद्रसपाटीला लागून असल्याने तेथील पातळीत फार मोठे चढउतार होत नाहीत. घराच्या पायरीला वल्ह्याची होडी बांधलेली असते. गोव्यात मांडवीच्या काठी पणजी येथे नदीफेऱ्या, तरंगती उपाहारगृहे आणि जुगारगृहे यांची जी गर्दी झाली आहे, तिचाही आधार भरती-ओहोटीचे, रोज परत येणारे पाणी हाच आहे. महाराष्ट्रात सर्वांत जुने उदाहरण पुण्याचे. मुळा-मुठेवरील रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. नदी पुण्यात फार मोठी आहे म्हणून हा क्लब तेथे झाला नाही. खालच्या बाजूला सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झालेला बंधारा होता आणि त्याने पाणी एका पातळीवर धरून ठेवले होते, म्हणून झाला. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नौका मंडळाची वल्हवण्याची परंपराही १९२८ पासून त्याच नदीवर चालत आली. पुढे जलपर्णी आणि सांडपाणी यांनी या परंपरेची काय अवस्था केली, हे पुण्याला जाणाऱ्या कोणालाही पुलावरून दिसते. पातळी टिकली, पाणी टिकले नाही.

उतरते पाणी आणि बोट बांधण्याचा प्रश्न

माकणीच्या जलाशयाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरला तर भरतो. त्यानंतर सिंचनाची आवर्तने, पिण्याचे पाणी आणि बाष्पीभवन अशा तिन्ही वाटांनी पाणी उतरू लागते. मराठवाड्यासारख्या कोरड्या, उष्ण प्रदेशात उघड्या जलाशयावरून वर्षाकाठी दीड ते दोन मीटर उंचीचे पाणी केवळ वाफ होऊन जाते. ज्या धरणाची उंचीच पंधरा मीटरच्या आसपास आहे, तेथे हा वाटा लहान नव्हे.

या उतरण्याचे खरे स्वरूप काठावर कळते. तेरणा आणि मांजरा यांची खोरी उथळ, पसरट आणि काळ्या मातीची आहेत. समजा काठाचा उतार शंभर मीटरला एक मीटर असा आहे. पाणी तीन मीटर उतरले की पाण्याची कड तीनशे मीटर आत सरकते. ऑक्टोबरमध्ये जो धक्का पाण्यात उभा होता, तो फेब्रुवारीत चिखलाच्या काठावर आणि मेमध्ये भेगाळलेल्या जमिनीच्या मधोमध उभा असतो. होडीपर्यंत पोचण्यासाठी पर्यटकाला गुडघाभर काळा चिखल तुडवावा लागतो. ही काळी माती ओली असता पायाला चिकटते आणि वाळली की पाय अडकेल अशी फाटते. सिमेंटचा कायमचा धक्का अशा जागी बांधणे म्हणजे वर्षातील दोन-तीन महिन्यांसाठी बांधकाम करणे होय.

याच्या तुलनेत कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडे पाहावे. तेथेही पाणी उतरते, किंबहुना माकणीपेक्षा कितीतरी अधिक उतरते. परंतु सह्याद्रीच्या उभ्या दऱ्यांत ते खाली जाते, दूर जात नाही. तापोळा किंवा बामणोली येथे होडीवाला पाण्याबरोबर थोडा खाली येतो आणि व्यवसाय चालू राहतो. शिवाय तेथे नौका पर्यटकांसाठी आली नाही. जलाशयाने जुने रस्ते बुडवले, पलीकडची गावे तुटली, त्यांना बाजाराला आणि दवाखान्याला जाण्यासाठी लाँच लागली. पर्यटक पुढे त्याच लाँचमध्ये बसू लागले. नौका आधी गरजेची होती म्हणून तिला चालवणारा, दुरुस्त करणारा आणि पाण्याची खोली ओळखणारा माणूस गावात तयार झाला होता. माकणीच्या परिसरात दोन्ही काठ रस्त्यांनी जोडलेले असल्याने हा माणूस तयार होण्याचे कारणच नव्हते.

उतरत्या पाण्याला उत्तर नाही असे नाही. तरंगती जेटी हा त्यावरील परिचित उपाय आहे. पोकळ प्लॅस्टिकचे ठोकळे एकमेकांना जोडून केलेला मंच पाण्याबरोबर वर-खाली होतो. त्याला तळाशी सैल साखळीने वजन बांधलेले असते. साखळी ताणलेली ठेवली तर पाणी वाढताच मंच एका बाजूने बुडू लागतो, आणि फार सैल सोडली तर वाऱ्याने तो भरकटतो. म्हणून दर काही दिवसांनी कोणीतरी ती सैल किंवा घट्ट करावी लागते. मंच काठाशी जोडणारी फळी पुरेशी लांब हवी, आणि पसरट काठावर पाणी जसजसे मागे सरकेल तसतसे सारे उचलून पुढे नेता आले पाहिजे. थोडक्यात, येथे धक्का हे बांधकाम न राहता रोजच्या देखभालीचे काम होते. शासकीय योजनांत बांधकामाला तरतूद सहज मिळते. साखळी सैल करणाऱ्या माणसाच्या पगाराला ती मिळणे कठीण, हे महाविद्यालयाचा कारभार पाहिलेल्या प्राध्यापकांना वेगळे सांगायला नको.

आणखी एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. पाणी मागे सरकल्यावर उघडी पडणारी जमीन मोकळी नसते. ती गाळपेर जमीन होय. धरणात शेती गेलेली कुटुंबे आणि भूमिहीन लोक तेथे रब्बीत हरभरा, ज्वारी किंवा भाजीपाला घेतात. पर्यटकांची वाट याच पिकातून जाणार असेल तर तो केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांच्याच उरल्यासुरल्या पिकावरून इतरांच्या विरंगुळ्याची वाट काढायची का, हे आधी ठरवावे लागेल. मासेमारीचा ठेका असलेल्या सहकारी संस्थांचे जाळे आणि वेगवान बोटीचा पंखा यांचा संघर्ष हाही याच प्रकारचा आहे.

बंधाऱ्यांची पातळी आणि न्यायालयाची तारीख

मोठ्या जलाशयापेक्षा बंधाऱ्यामागचे पाणी नौकेला अधिक अनुकूल असते. बंधाऱ्याचे दरवाजे पावसाळ्याच्या अखेरीस बंद झाले की फुगवटा पात्राच्या दोन काठांमध्ये राहतो, फार पसरत नाही आणि काही महिने बरीचशी स्थिर पातळी मिळते. नांदेडजवळील विष्णुपुरी येथील शंकरसागर जलाशय हे याचे उत्तम उदाहरण. नांदेड शहरातही गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त २००८ मध्ये गोदावरीकाठच्या घाटांचा विकास झाला. नगीनाघाट, बंदाघाट, गोवर्धनघाट येथे पायऱ्यांची रचना आहे. पायऱ्या ही आपल्याकडील जुनीच युक्ती होय. पाणी कोणत्याही पातळीवर असले तरी त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी एक पायरी असतेच. बोट बांधण्याच्या धक्क्याचा विचार करताना आपल्या घाटांकडे कोणी पाहत नाही, याचे नवल वाटते.

लातूर जिल्ह्यात मांजरा आणि तेरणा यांवरही बंधाऱ्यांची साखळी झाली आहे. तेरणा औराद शहाजानीजवळ मांजरेला मिळते, तेथपर्यंत पात्रात टप्प्याटप्प्याने पाणी थांबते. परंतु येथेही पाण्याचे दिनमान इतर गोष्टींवर ठरते. नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निर्णय दिला. त्यानुसार या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्चला ठरलेले पाणी खाली सोडावे लागते. बाभळीला कोणी नौकाविहार सुरू केला, तर त्याच्या हंगामाचा पहिला आणि मधला दिवस निकालपत्रातच लिहिलेला आहे!

हंगाम, वारा आणि अपघात

मराठवाड्यातील सुटीचा हंगाम एप्रिल-मे हा आहे आणि नेमका तोच काळ नौकेसाठी सर्वांत प्रतिकूल. पाणी किमान पातळीवर असते. बुडालेल्या वस्तीच्या भिंती, विहिरींचे कठडे, बाभळीचे बुंधे पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतात. दुपारनंतर वळवाचे वादळ अवघ्या काही मिनिटांत उठते. उघड्या, पसरट जलाशयावर वाऱ्याला अडवणारे काही नसते. तो जितके अंतर पाण्यावरून धावतो तितकी लाट मोठी होते. समुद्रावर हे सर्वांना ठाऊक असते, धरणावर मात्र ते कोणी गृहीत धरत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. ती सहलीची बोट नव्हती, रोजच्या ये-जा करणाऱ्यांची होती. पण वाऱ्याने तो भेद केला नाही. गोदावरीवरच, आंध्र प्रदेशात, १५ सप्टेंबर २०१९ रोजी पापीकोंडालू परिसरातील पर्यटक बोट पुराच्या पाण्यात बुडाली आणि पन्नासच्या आसपास माणसे गेली. तेथे पाणी चढते होते. म्हणजे पावसाळ्यातील पूर आणि उन्हाळ्यातील वळीव ही दोन्ही टोके टाळून उरतो तो काळ ऑक्टोबर ते होळी.

सुदैवाने हाच काळ काठावरील खाण्यापिण्याचाही आहे. मार्गशीर्ष-पौषात या भागात ज्वारीचा हुरडा येतो. आगटीभोवती बसून हुरडा, गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी खाण्यासाठी शहरातील कुटुंबे शेतावर जातात. इंग्लंडच्या मद्यगृहाला मराठवाड्यात पर्याय शोधायचाच असेल तर तो हुरड्याची शेते हा आहे. आपल्याकडे नदीचा काठ स्नानाचा, दशक्रियेचा, यात्रेचा मानला जातो. तेथे मद्यगृह उघडण्याला होणारा विरोध केवळ सोवळेपणाचा म्हणून बाजूला सारता येणार नाही. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या काठी आणि तोल सांभाळण्याच्या खेळाशेजारी मद्य ठेवू नये, याला धर्माचा आधार लागत नाही.

सुरक्षिततेची चौकट कायद्यात आहे. १९१७ चा जुना कायदा बाजूला सारून आलेला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी आणि विमा आवश्यक ठरवतो. वल्ह्याच्या व अन्य बिगरयांत्रिक नौकांसाठीही त्यात स्वतंत्र तरतुदी आहेत. जलाशय जलसंपदा विभागाचा, मासे मत्स्यव्यवसाय विभागाच्या ठेक्याचे, नौकेची तपासणी सागरी मंडळाची आणि पर्यटन पर्यटन विभागाचे. समुद्रापासून चारशे किलोमीटरवरील खेड्यातील होडीवाल्याने सागरी मंडळाचा दरवाजा कसा ठोठवावा, याची सोय जोवर जिल्ह्याच्या ठिकाणी होत नाही, तोवर विनानोंदणीच्या होड्याच चालणार आणि अपघात झाल्यावर चौकशी होणार.

पाण्याविषयीची भीती आणि पाण्याचा हक्क

किल्लारी परिसरात या विषयाला एक वेगळी बाजू आहे. १९९३ च्या भूकंपात आठ हजारांच्या घरात माणसे मृत्युमुखी पडली आणि पन्नासहून अधिक गावांचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले. १९९२ च्या उत्तरार्धातच धक्के जाणवू लागले होते. धरण पूर्ण झाले आणि तीन-चार वर्षांत जमीन हादरली, यामुळे माकणीच्या पाण्याने भूकंप आणला ही समजूत लोकांत रुजली. शास्त्रज्ञांतही यावर चर्चा झाली. जलाशय लहान आणि उथळ असल्याने त्याच्या भाराने एवढा भूकंप होणे शक्य नाही, असे एका पक्षाचे म्हणणे. तर भेगांतून खोलवर मुरलेल्या पाण्याचा दाब आधीच ताणाखाली असलेल्या प्रस्तराला पुरेसा ठरला असावा, असे दुसऱ्याचे. यावर एकमत झालेले नाही. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचे मात्र तसे नाही. जलाशयाशी निगडित भूकंपाचे उदाहरण म्हणून तो जगभर सांगितला जातो. तरीही त्याच शिवसागरावर आज होड्या चालतात. ज्यांच्या दारी पाणी उपयोगाचे म्हणून आले त्यांनी त्याच्याशी जुळवून घेतले. किल्लारीत त्या पाण्याशी दुःखाचा संबंध आधी जोडला गेला.

या प्रदेशातील लोकांनी नौका पाहिली तीही बहुधा आपत्तीच्या वेळी. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात आली. नऊ वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, मुखेड तालुक्यात गावांत पाणी शिरले आणि सप्टेंबरमध्ये मराठवाड्यातील बहुतेक नद्यांना पूर आला. तेव्हा बचाव पथकांच्या रबरी बोटी शेतांवरून फिरल्या. रेल्वेने येणारे पाणी आणि शेतात येणारी बोट यांच्या मधल्या अवकाशात करमणुकीच्या होडीला जागा मागायची आहे, याचे भान नियोजनकर्त्यांनी ठेवणे अगत्याचे आहे. माकणीचे पाणी औसा-निलंगा परिसराच्या पिण्याचे पाणी आहे. त्यात डिझेलचे इंजिन चालवणे समर्थनीय ठरत नाही. वल्ह्याची, पायडलची किंवा विजेच्या मोटारीची होडी एवढीच मर्यादा येथे योग्य होय.

अनुकरण करावयाचेच तर ते उजनीच्या काठचे करावे. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या गावांतील मच्छीमार कुटुंबे हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी येणाऱ्यांना आपल्याच होडीतून नेतात. त्यासाठी नवा धक्का बांधावा लागला नाही. होडी जेथे पाणी तेथे लागते. जेवण घरात होते, बहुधा त्याच पाण्यातील माशांचे. पक्षी गेले की होडी पुन्हा जाळ्याच्या कामाला लागते. तिचा मालक पर्यटनावर सर्वस्वी अवलंबून नसल्यामुळे पाणी आटलेल्या वर्षी त्याचे नुकसान मर्यादित राहते. माकणी, धनेगाव येथील मच्छीमार संस्थांकडे जलाशयाची हीच माहिती आहे. बुडालेली विहीर कोठे आहे, वारा कोणत्या अंगाने उठतो, पाणी केव्हा सोडतात, हे त्यांना ठाऊक असते. त्यांना पक्क्या बांधणीच्या होड्या, जीवरक्षक जाकिटे, तपासणी आणि विमा एवढे मिळाले तर सुरुवात होऊ शकेल. ज्या वर्षी जलाशय निम्माही भरणार नाही, त्या वर्षी होड्या काढूच नयेत, ही अट करारात प्रथमच लिहावी लागेल.

हंगामाची सुरुवात ठरवताना एक तारीख मात्र वगळावी. ३० सप्टेंबरला, बहुधा जलाशय सर्वाधिक भरलेला असतो त्याच दिवसांत, जुन्या किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी लोक जमतात. भूकंपाच्या आदल्या सायंकाळी अनंत चतुर्दशी होती आणि गावोगावी गणपतीचे विसर्जन झाले होते. पहिली होडी त्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास पाण्यात उतरवणे हेच या परिसराला मान्य होण्यासारखे आहे.